दूरगावचे घर आणि भाड्याचा हिशेब

नोकरदाराच्या आयुष्यात मोठी रक्कम हाती येण्याचा प्रसंग बहुधा एकदाच येतो. भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आणि शिल्लक रजेचे पैसे मिळून एक आकडा बँकेच्या पासबुकात उमटतो आणि त्या आकड्याकडे पाहून घरातील लहानथोरांना एकच विचार सुचतो : एखादा फ्लॅट घेऊन टाकावा आणि भाड्याने द्यावा. बँकेतील व्याजाचा दर आज आहे तो उद्या राहील याची खात्री नाही, शेअर बाजाराची भीती वाटते, सोने अंगावर मिरवता आले तरी दरमहा काही देत नाही. घर मात्र डोळ्यांना दिसते, त्याला भिंती असतात आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ते भाडे देते. या विचारात चूक काढण्यासारखे वरवर काही दिसत नाही.

प्रश्न उपस्थित होतो तो हे घर कोठे घ्यावे याचा. लातूर, सोलापूर किंवा जळगाव येथे हयात काढलेला शिक्षक बहुधा आपल्या गावात दुसरे घर घेत नाही. तो पुण्यात घेतो. ‘हिंजवडीत कंपन्या आहेत, भाडेकरूंना काय तोटा?’ हे वाक्य त्याने कोणाकडून तरी ऐकलेले असते. बंगळूरमध्ये किंवा दुबईत नोकरी करणारा मराठी तरुण परत येण्याच्या आशेवर वाकड-बाणेरला फ्लॅट नोंदवतो. मुंबईतील सुखवस्तू माणसाला अलीकडे गोव्यात घर असावे असे वाटू लागले आहे; आपण वर्षातून पंधरा दिवस राहावे आणि उरलेले दिवस पर्यटकांनी भाडे भरावे, अशी त्यामागील योजना. या सर्वांत समान गोष्ट एवढीच की मालक एका गावी असतो आणि घर दुसऱ्या गावी, कित्येकदा दुसऱ्या राज्यात किंवा देशात.

भाड्याचे घर ही मुदत ठेव नव्हे, तो एक व्यवसाय आहे. आणि तो लांबून करावयाचा झाल्यास त्याचा खर्च कोणी आधी मांडून दाखवीत नाही. घर विकणारा तो मांडणार नाही हे उघडच आहे. घेणारा स्वतःही मांडत नाही, ही मात्र नवलाची गोष्ट आहे. कारण आयुष्यभर इतरांचे जमाखर्च तपासणारा कारकूनच येथे आपले कागद-पेन्सिल बाजूला ठेवतो.

तेव्हा आकडेमोड करूनच पाहावी. समजा, पुण्याच्या उपनगरात साठ लाखांचा एक फ्लॅट घेतला आणि त्याला दरमहा १६ हजार रुपये भाडे मिळाले. वर्षाचे १ लाख ९२ हजार झाले, म्हणजे किमतीच्या सव्वातीन टक्क्यांहूनही किंचित कमी. आपल्याकडील मोठ्या शहरांत राहत्या घराचे भाडे किमतीच्या दोन ते चार टक्के एवढेच पडते, त्यामुळे हे उदाहरण मुद्दाम वाईट घेतलेले नाही. आता यातून वजाबाकी सुरू होते. पुण्यात खरेदीच्या वेळी मुद्रांक शुल्क, स्थानिक अधिभार आणि मेट्रोचा अधिभार मिळून पुरुष खरेदीदाराला सात टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार रुपये द्यावे लागतात आणि नोंदणीचे ३० हजार वेगळे. सव्वादोन वर्षांहून अधिक काळाचे भाडे पहिल्याच दिवशी सरकारच्या तिजोरीत जमा झाले. पंखे, गीझर, स्वयंपाकघरातील कपाटे यांवर दीड लाख गेले, की गुंतलेली रक्कम ६६ लाखांवर पोचते.

दरवर्षीचा खर्च पुढेच आहे. भाडेकरू बदलताना घर एक महिना रिकामे राहिले तर १६ हजार गेले. दलालाने एका महिन्याचे भाडे घेतले तर आणखी १६ हजार. सोसायटीची वर्गणी दरमहा तीन हजार धरली तरी वर्षाला ३६ हजार. आणि जेथे नळाचे पाणी पोचलेले नाही व टँकरवर भागते, अशा उपनगरांत ती उन्हाळ्यात याहून वर चढते. घरपट्टीला दहा हजार आणि रंग, गळती, मोडतोड यांना दहा हजार धरले तर हाती उरतात १ लाख ४ हजार. ६६ लाखांवर हे उत्पन्न दीड टक्क्याच्या थोडे वर पडते. तीच रक्कम साडेसहा टक्क्यांनी बँकेत ठेवली असती तर वर्षाला ४ लाख २९ हजार रुपये व्याज आले असते. आयकर दोन्हीकडे आहे; भाड्यावर दुरुस्तीपोटी सरसकट तीस टक्के वजावट मिळते आणि व्याजावर ती मिळत नाही, हा फरक मान्य केला तरी एवढी मोठी दरी त्याने भरून निघत नाही.

कर्ज काढून घेतलेल्या घराची गोष्ट याहून बिकट. चाळीस लाखांचे कर्ज साडेआठ टक्के दराने वीस वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे ३४ हजार ७०० रुपये बसतो. घरातून सरासरीने दरमहा साडेआठ-पावणेनऊ हजार निव्वळ मिळत असताना उरलेले २६ हजार पगारातून भरावे लागतात. ‘भाड्यात हप्ता फिटेल’ हे वाक्य विक्रीच्या कार्यालयात मोठ्या सहजतेने उच्चारले जाते. ते कोणत्या घराच्या बाबतीत खरे ठरले, हे विचारण्याचे मात्र सहसा कोणाला सुचत नाही. पूर्वी अशा तोट्याची पगाराच्या उत्पन्नातून वजावट मिळत असे. २०१७-१८ या आर्थिक वर्षापासून तिला दोन लाखांची मर्यादा घातली गेली, आणि ज्याने नवी करप्रणाली पत्करली त्याला तीही मिळत नाही.

यावर हमखास येणारे उत्तर असे की भाडे हे निमित्तमात्र, खरी कमाई किमतीच्या वाढीत आहे. हे उत्तर खोटे नाही. १९९० नंतर ज्यांनी कोथरूडला किंवा ठाण्याला घरे घेतली त्यांची भरभराट झाली, हे सर्वांनी पाहिले आहे. परंतु तसे म्हणणारा मनुष्य भाड्याचा धंदा करीत नसून भावाचा अंदाज करीत असतो, हे त्याने स्वतःशी कबूल केलेले बरे. २०१३-१४ नंतरची काही वर्षे अशी गेली की अनेक शहरांत घरांच्या किमती महागाईच्या मागे पडल्या. त्या काळात विकायला निघालेल्यांना गिऱ्हाईक मिळेना आणि हप्ते तर थांबेनात. निवृत्त माणसापाशी अंदाज चुकला तर तो दुरुस्त करण्याइतकी वर्षे शिल्लक नसतात.

हा झाला जवळच्या आणि दूरच्या अशा दोन्ही घरांचा हिशेब. अंतराचा म्हणून जो खर्च येतो तो याच्या वर. त्याची पावती कोणी देत नाही, म्हणून तो दिसत नाही.

रात्री नऊ वाजता नळाची तोटी तुटते आणि खालच्या मजल्यावर पाणी गळू लागते. मालक त्याच पेठेत राहत असेल तर नळकारागिराला हाक मारून चारशे रुपयांत काम भागते. मालक जळगावला असेल तर तो दलालाला दूरध्वनी करतो, दलाल कोणाला तरी पाठवतो, आणि कारागीर चौदाशे रुपये सांगतो ते निमूटपणे पाठवावे लागतात. फसवणूक झालीच असे नाही. पण झाली की नाही हे कळण्याचा मार्ग उरत नाही. भाडेकरू सोडून जाताना भिंतीवरचे डाग पूर्वीचे की त्याने पाडलेले, हे सांगणार कोण? एका दिवसाची रजा, रात्रीची एसटी किंवा रेल्वे आणि किल्ली घेऊन परत, असे वर्षातून चार प्रवास झाले की आणखी एका महिन्याचे भाडे वजा करावे लागते. हा त्रास चाळिशीत सोसतो. पासष्टाव्या वर्षी सोसत नाही.

शिवाय दूरच्या घराविषयीचे ज्ञान नेहमी उसने असते. कोणत्या रस्त्यावर पावसाळ्यात गुडघाभर पाणी साचते, कोणत्या सोसायटीत पाण्यावरून भांडणे आहेत, कोणत्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्रच मिळालेले नाही, हे गावातल्या माणसाला न विचारता ठाऊक असते. बाहेरच्याला माहितीपत्रकातील पोहण्याचा तलाव तेवढा दिसतो. भाडेकरू कोठून येणार, हेही त्याला एकाच वाक्यात सांगितलेले असते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली, कंपन्यांनी घरून काम करण्यास सांगितले आणि संगणक क्षेत्रातील तरुण आपापल्या गावी निघून गेले. ज्या घरांचा सर्व आधार एका उद्योग वसाहतीवर होता ती ओस पडली. ज्याचे घर गावातल्या शाळेजवळ किंवा इस्पितळाजवळ होते, त्याचे दुकानदार, परिचारिका, शिक्षक असे भाडेकरू निदान गाव सोडून गेले नाहीत.

कायद्याकडे वळले की अंतराचा अर्थ अधिकच स्पष्ट होतो. भाड्याचे घर हा आपल्या देशात राज्यागणिक वेगळ्या कायद्याचा विषय आहे आणि महाराष्ट्रात त्याला मोठा इतिहास आहे. मुंबई प्रांताच्या १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच प्रमाण मानले. युद्धोत्तर टंचाईत भाडेकरूला रस्त्यावर यावे लागू नये हा हेतू रास्तच होता. परंतु तात्पुरता म्हणून आलेला हा कायदा पन्नास वर्षे मुदतवाढीवर जगला. भाडे थिजले, मालकाने दुरुस्ती सोडून दिली, वाडे आणि चाळी खचल्या, आणि उजेडात देता येत नाही ते पागडीच्या रूपाने अंधारात फिरू लागले. यातून वाट काढण्यासाठी ‘लीव्ह अँड लायसन्स’ची पद्धत रूढ झाली, तर १९७३ च्या दुरुस्तीने त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला चालू परवान्यावर जागेत असलेल्यांना भाडेकरूचे संरक्षण देऊन टाकले. घर एकदा दिले की परत मिळत नाही, ही जी भीती मराठी घरमालकाच्या मनात पिढ्यान्‌पिढ्या बसली आहे तिचा उगम येथे आहे. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेल्या भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी ठरल्या असल्याचे म्हटले आणि ३१ मार्च २००० पासून राज्याचा नवा भाडे नियंत्रण कायदा अमलात आला.

नव्या कायद्याने परवान्यावर घर देणाऱ्या मालकाची बाजू पुष्कळ सुरक्षित केली आहे. मुदत संपूनही जागा सोडली नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते आणि त्या काळासाठी दुप्पट आकार मागता येतो. मात्र त्यासाठी करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. ही नोंदणी करून घेण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. ती टाळली तर अटींविषयी भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. मालकाला शिक्षेचीही तरतूद आहे. इतर अनेक राज्यांत अकरा महिन्यांचा करार करून नोंदणी टाळण्याचा प्रघात आहे, कारण एक वर्षाच्या आतील भाडेपट्ट्याला केंद्रीय नोंदणी कायदा सक्ती करीत नाही. बंगळूरला राहून हीच सवय अंगवळणी पडलेला मनुष्य पुण्यातील आपले घर साध्या मुद्रांक कागदावर देऊन मोकळा होतो आणि कायद्याने देऊ केलेले संरक्षण आपल्या हाताने घालवून बसतो. वस्तुतः ही नोंदणी आता घरबसल्या संगणकावरून होते आणि तिला येणारा खर्च किरकोळ आहे. उलट दिशेनेही हेच घडते. गोव्यात घर घेऊन ते पर्यटकांना देऊ पाहणाऱ्या मुंबईकराला तेथील पर्यटन व्यवसायाच्या १९८२ च्या कायद्याखाली नोंदणी करावी लागते, हे कित्येकदा घर सजवून झाल्यावर कळते.

परदेशातून घर सांभाळणाऱ्याची अडचण आणखी निराळी. मुखत्यारपत्र तिकडून करून पाठवले तर ते महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. भाडे घेणारा मालक करदृष्ट्या अनिवासी असेल तर भाड्यातून सुमारे ३१ टक्के कर कापून सरकारजमा करणे ही भाडेकरूची जबाबदारी ठरते. देशात राहणाऱ्या मालकाच्या बाबतीत सामान्य भाडेकरूला हे काम दरमहा पन्नास हजारांहून अधिक भाडे असेल तरच, आणि तेही दोन टक्क्यांनी, करावे लागते. महाविद्यालयात शिकणाऱ्या चार मुलांनी मिळून घेतलेल्या घराचा मालक न्यू जर्सीत आहे, म्हणून त्या मुलांनी कर कापावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. ती मुले हे करीत नाहीत, कारण त्यांना हे कोणी सांगितलेलेच नसते.

आणि येथे या प्रश्नाची दुसरी बाजू समोर येते. हे वाचणाऱ्यांत घर घेऊ पाहणारे जितके असतील तितकेच, किंबहुना त्याहून अधिक, भाड्याच्या घरात राहणारे असतील. बदलीवर आलेला कारकून, पहिल्या नेमणुकीवरची शिक्षिका, परीक्षेची तयारी करणारा विद्यार्थी यांना दूरस्थ मालक म्हणजे काय हे चांगले ठाऊक आहे. त्याचा चेहरा कधी दिसत नाही. गीझर बंद पडला तर निरोप दोन हातांतून जातो. अनामत रक्कम परत मागायची वेळ आली की दलाल मालकाकडे बोट दाखवतो आणि मालक दलालाकडे. अविवाहितांना घर नको, अमुक जातीधर्माचा नको, असे जे अपमानास्पद नियम कानी पडतात त्यांतही अंतराचा वाटा आहे. ज्याला भाडेकरू पाहून, बोलून पारखता येत नाही तो ठोकळेबाज नियमांचा आधार घेतो. नियम त्यामुळे क्षम्य ठरत नाहीत, हे वेगळे सांगायला नको.

याहून भित्रे मालक घर कुलूपबंद ठेवतात. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात एक कोटी दहा लाखांहून अधिक घरे रिकामी आढळली. २०१७-१८ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीने नोंदवले की रिकाम्या घरांत महाराष्ट्राचा क्रमांक पहिला असून त्यांची संख्या सुमारे वीस लाख आहे, आणि एकट्या मुंबईत ती पावणेपाच लाखांच्या पुढे आहे. त्याच पाहणीनुसार भारतीय शहरांत भाड्याच्या घरांचे प्रमाण १९६१ मध्ये ५४ टक्के होते ते २०११ मध्ये २८ टक्क्यांवर आले. एकीकडे एका खोलीत पाच विद्यार्थी आणि दुसरीकडे वीस लाख कुलपे, या विसंगतीला एकच कारण नाही. परंतु गुंतवणूक म्हणून घेतलेले आणि मालकापासून दूर असलेले घर या कुलपांच्या हिशेबात निश्चितच आहे.

मग नोकरदाराने दुसरे घर घेऊच नये काय? असे म्हणणे एकांगी होईल. ज्याच्या गावात तालुक्याचे कार्यालय आहे, महाविद्यालय आहे, इस्पितळ आहे, त्याने आपल्याच घरावर दोन खोल्या चढवून भाड्याने दिल्या तर जमिनीची किंमत नव्याने मोजावी लागत नाही. बांधकाम परवानगी आणि बांधणीचा खर्च एवढेच. अशा खोल्यांचे भाडे शहराच्या निम्मे असले तरी गुंतलेल्या रकमेच्या मानाने ते पुण्यातील फ्लॅटच्या पुढे जाते, आणि नळ गळला तर जिना चढून पाहता येते. बांधकामाची ही वाट जुनी आहे, तिला माहितीपत्रक नाही, म्हणून ती कोणी सुचवीत नाही. मुलगा पुण्यात स्थायिक झाला आहे आणि घर त्याच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, असे असेल तर लातूरच्या बापाने पुण्यात घर घेण्यालाही हरकत नाही. तेथे अंतर नकाशावर उरते, व्यवहारात उरत नाही. मात्र मुलावर हे काम आपण लादतो आहोत, हे त्याला आधी विचारलेले बरे.

शासनाच्या बाजूनेही बरेच करण्यासारखे आहे. सोसायट्यांनी भाड्याने दिलेल्या घरांवर मन मानेल तसे बिनभोगवटा शुल्क लावू नये म्हणून राज्य शासनाने १ ऑगस्ट २००१ च्या आदेशाने त्याला सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांची मर्यादा घातली. हा आदेश उपयोगी ठरला, जरी तो अमुक सोसायटीला माहीत नाही असे आजही आढळते. केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडे कायद्याचा मसुदा राज्यांपुढे ठेवला. त्यात राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक असू नये असे म्हटले आहे आणि मालकाच्या वतीने घर सांभाळणाऱ्या मालमत्ता व्यवस्थापकाची कर्तव्येही सांगितली आहेत. ही दुसरी तरतूद अधिक मोलाची आहे. घर विकणाऱ्या दलालाला २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याखाली नोंदणी करावी लागते. परंतु भाड्याने घर देणारा, किल्ल्या बाळगणारा, अनामत हाताळणारा जो दलाल, त्याला तशी कोणतीही नोंदणी नाही. त्याच्या मेजाच्या खणात शंभर घरांच्या किल्ल्या असतात. त्यांपैकी प्रत्येक किल्लीमागे कोणाची तरी तीस वर्षांची नोकरी आहे आणि प्रत्येक दारामागे कोणाचा तरी संसार. त्याच्याविरुद्ध तक्रार कोठे करावी हे मात्र मालकालाही सांगता येत नाही आणि भाडेकरूलाही.